बायकोची सीट

साडूच्या कॅमॅरो गाडीचं नाव निघालं की मिस्त्रींच्या पोटात दुखायचं. त्यांची मस्टँगही तितकीच जुनी आणि तितकीच दणकट होती. तिचं इंजिन तर त्यांनी आपल्या गॅरेजात नट अन् नट खोलून स्वतः बांधलं होतं. साडूला साधा प्लग बदलता येत नव्हता, तरी घरचे सगळे मान डोलवायचे ते त्याच्याच गाडीपुढे.

शेवटी बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यत ठरली. वजन कमी करायचं म्हणून मिस्त्रींनी स्टेपनी काढली, मागची सीट काढली, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून शेजारची बायकोची सीटही उपटून गॅरेजात ठेवली. बायको आपली बहिणीबरोबर साडूच्या गाडीतून आली.

दोघी कडेला उभ्या राहिल्या. मस्टँग सुटली ती सुटलीच, आणि चांगली गाडीभर अंतरानं जिंकली.

"वा, मानलं तुम्हाला!" साडू मनापासून म्हणाला. मिस्त्रींना तेही झोंबलं.

बायको धावतच आली. "अहो, आता मी तुमच्याच गाडीत बसणार!" तिनं दार उघडलं. आत नुसता पत्रा.

"या इकडे, आमच्याकडे जागा आहे," साडूनं हाक मारली.

परतताना रस्ता मोकळा होता. पण मस्टँग घरापर्यंत कॅमॅरोच्या मागेच राहिली. पुढे काढली असती, तर तिघं किती हसतायत ते मिस्त्रींना दिसलं नसतं.