दुपारची मेंढरं

गेल्या वर्षी वडिलांचे गुडघे कामातून गेले. मी हट्टाला पेटून त्यांना मेंढरं विकायला लावली आणि गावाकडून जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलं. जेवलात का? व्हय. दुखतंय का? न्हाय. आपण माणूस आणला की सामान, असं मला वाटायला लागलं होतं.

मला सिनेमाचं वेड पहिल्यापासून. सात रस्ता चौकाजवळचं सीडीचं एक दुकान बंद होताना घोडेस्वारांच्या एका जुन्या अमेरिकी सिनेमाची डीव्हीडी मिळाली. रविवारी सकाळी लावली, तर पात्रांचे नुसते ओठ हलत होते आणि वरून कुणी म्हातारा संथ इंग्रजीत बोलत होता. रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं होतं. तो दिग्दर्शक होता. आपलाच सिनेमा बघत, कुठलं दृश्य कसं घेतलं ते सांगत होता.

मी बदलणार तेवढ्यात पडद्यावर मेंढरं आली. उघडा माळ, भर दुपार, नायक कळप हाकतोय.

"ही दुपार न्हाय," शेजारी बसलेले वडील म्हणाले. "सकाळ हाय."

"आण्णा, ऊन बघा की केवढं हाय!"

"ऊन काय बघतूस? दुपारी मेंढरू चालतंय व्हय? एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून हुबी ऱ्हात्यात. हाकून हाकून दमशील."

मी हसलो. आणि टीव्हीतला म्हातारा सांगू लागला : तीन दिवस दुपारी खटपट केली, पण मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या. शेवटी सकाळी चित्रण केलं आणि दुपार म्हणून दाखवलं.

इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या माणसानं ती खोटी दुपार बसल्या जागी पकडली होती. एवढे सिनेमे बघून मला काय दिसलं होतं? कप्पाळ!

मी अर्थ सांगितला. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ते त्या आवाजाकडे कान लावून बसले होते.

"मेंढरं इकली आसतील त्यानं," ते म्हणाले. "आता नुसतं बोलनं ऱ्हायलंय. पर नशीबवान हाय गडी. ऐकायला कुनीतरी हाय."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"आता तुमी सांगा की, आण्णा."

"काय सांगू?"

"दिसतंय ते."

ते पडद्याकडे वाकले. मग बोट उचललं.

"ती म्होरची गाभण हाय. तिला आसं पळवू नका म्हनावं त्याला."