निशातने दिलेला शब्द

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. सकाळपासून ढगाळ, धुणे वाळले नाही. दवाखान्यात साप चावलेली चंचल नावाची मुलगी आली. निशात दुपारी ड्यूटीवरून परतली ती न जेवता बसून राहिली.

निशात माझ्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. नागभीडच्या बाबूभाई शिंप्यांची मुलगी; येथील दवाखान्याच्या अपघात विभागात नर्स. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिथे साप चावलेली माणसे येतात, आणि उशिरा येतात. आधी गावातल्या जाणत्याकडून मंत्र घालून पाला बांधून घेतात. डॉक्टर ओरडतील म्हणून सगळे एकच सांगतात, सरळ इकडेच आणले. मग किती वेळ गेला ते कळत नाही आणि उपचार अंदाजाने करावे लागतात.

गेल्या वर्षी डॉ. प्रफुल यांनी यावर संशोधन करायचे ठरवले. त्या विभागात असे कधी कुणी केले नव्हते. पण माणसांकडून खरे काढून घेणे त्यांना जमेना, ते काम निशातकडे आले. फॉर्मवरचे पहिले वाक्य तिच्या सांगण्यावरून मी लिहून दिले होते : नाव कुणालाही सांगितले जाणार नाही.

वारलूने आपल्या बायकोला, कमळाला, आणले तेव्हा मी रक्तदाब तपासायला तिथेच बसले होते.

“सीधा इथीच आनलं, सिस्टर.”

“मंग हा पाला कोनं बांधला भाऊ? सापानं?”

वारलूला हसू आले. “सुकलूकाकानं. पन नाव नोका सांगू कोनाले.”

“नाई सांगत. माहा शब्द हाय.”

वारलूच्याच ओळखीने निशात सुकलूला जाऊन भेटली. तेव्हापासून म्हातारा पाला बांधायचा आणि लगेच मोटरसायकल बोलावून माणसाला दवाखान्यात पाठवायचा. निशातने हे आनंदाने डॉक्टरांना सांगितले, नावासकट. संशोधन त्यांचेच, त्यांच्यापासून काय लपवायचे?

डॉक्टरांनी नागपूरला निबंध वाचला, कौतुक झाले. मग इथल्या एका बैठकीत कुण्या अधिकाऱ्याने विचारले, हे जाणते कोण? डॉक्टरांनी नाव सांगून टाकले. बुधवारी पोलिसांनी सुकलूला जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेले.

निशातने जाब विचारला.

“सिस्टर, संशोधनाचा काही उपयोग व्हायला नको का?” डॉक्टर हसत म्हणाले. “आणि आभारात तुमचं नाव टाकलंय ना?”

माझे वाक्य अजून त्या फॉर्मवर छापलेले आहे.

आज बेशुद्ध चंचलला तिच्या आईने आणले. पाय घासून धुतलेला, पण नखांच्या कडेला हिरवा पाला अडकलेला.

“किती वेळ झाला ताई?”

“आत्ताच. सीधा आनलं.”

“काऊन खोटं बोलता? पोरीच्या जिवाचा सवाल हाय.”

“खरं सांगून सुकलूचं काय झालं, पायलं ना आमी. वारलू म्हने, तूच नाव देल्लं.”

निशातने पुन्हा विचारले. बाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे पाहत राहिली. ‘वेळ माहीत नाही’ असे लिहून निशातने सलाइन लावली. निशातची ड्यूटी संपली तोवर चंचल शुद्धीवर आली नव्हती.

मी ताट वाढले, तिने ते बाजूला सरकवले.

“बाई, तिच्या जागी मी असती तं मीबी सांगितलं नसतं.”

मी ताट झाकून ठेवले.

संध्याकाळी मोरीच्या नळाचा वायसर बदलून घेतला.