बोलत पळायचा नियम

पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य, मध्ये न अडखळता. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला असं समजायचं आणि सावकाश व्हायचं. लांब पल्ल्याच्या पळण्यातलं मला नीट कळलेलं एवढंच, आणि तेही मोबाइलवर बघून. मी नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवते. सेहेचाळिसाव्या वर्षी पळायचे बूट घेतले आणि दोन महिन्यांत अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. भेटेल त्याला टाच कशी टेकवावी, श्वास कसा घ्यावा हे सांगत सुटायचे.

मनापासून ऐकणारं माणूस एकच होतं, आमच्या गल्लीत शिवणाचा क्लास चालवणाऱ्या आपा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक लातूरला दिलेली. मशीनवर वाकून कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, मी त्यांना पळायला लावलं. स्वतः शिवलेला लांब कुर्ता, डोक्याला घट्ट स्कार्फ, आणि सकाळी साडेपाचला आमच्या फाटकाशी हजर. एक दिवस चुकायच्या नाहीत.

नियम त्यांना फारच मानवला. विष्णुपुरीच्या धरणापर्यंत जाताना त्यांचं तोंड बंद नसायचं. कुणाचा ब्लाउज तिसऱ्यांदा उसवला, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला बोलावलं नाही, सगळं मला त्या रस्त्यावर कळलं.

"तुमचा नियम लई भारी हाय, मॅडम," एकदा त्या म्हणाल्या. "घरात मशीनशीच बोलून राहिले होते मी. हितं तर बोललं न्हाई तर पळणंच चुकतं म्हणता."

वर्षभरानं लातूरला एकवीस किलोमीटरची शर्यत असल्याचं कळलं. रस्त्याचा नकाशा मी त्यांना दाखवला, तर त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ह्यो चौक का? ह्याच्या म्होरंच माझ्या लेकीचं घर हाय." त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. लेकीच्या दारापुढून पळत जायचं. जावई बघेल, विहीणबाई बघेल. "त्यांना वाटतं, हिच्या आईला फॉल-पिकोशिवाय काही येत न्हाई."

मी सोळा आठवड्यांचा तक्ता केला, शाळेतल्या लाल पेनानं. दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं.

रविवारी धरणाजवळ आमच्यासारखे आणखी काही जण यायचे. कुणी निवृत्त, कुणी कॉलेजात शिकवणारे. तिथं चहा व्हायचा. एका रविवारी कुणीतरी विचारलं, "मॅडम, लातूरला किती वेळात पोचणार?" मी म्हणाले, "आपांना घेऊन गेले तर मांडववाले मांडव सोडायला येतील, त्यांच्याबरोबर." सगळे हसले. मला टाळ्या घ्यायची सवय वर्गात लागलेली, काय करणार. आपा थर्मासचं झाकण लावत होत्या, त्या हसल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर त्या गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी काही विचारलं तर "हाव", नाहीतर "न्हाई". चूक माझी होती हे मला कळत होतं. पण पंचवीस वर्षं फळ्यापुढं उभं राहिलेल्या बाईच्या तोंडून 'चुकलं माझं' निघत नाही. मनात म्हटलं, रुसताय तर रुसा. मीही बोलणं सोडलं. बोलायचं नाही म्हटल्यावर सावकाश तरी कशाला पळायचं, म्हणून वेगही वाढवला.

दोन महिने आम्ही तशाच पळालो. त्या माझ्या अर्धं पाऊल मागं. मध्येच खोकायच्या आणि धुळीला दोष द्यायच्या. धरणाच्या कठड्याला धरून उभ्या राहायच्या, खांदे वरखाली व्हायचे. ते मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. उलट मोबाइलवरचं एक वाक्य त्यांना ऐकवलं होतं, "आपा, शरीर नाटकं करतं. मन सांगेल तेवढंच ऐकायचं." त्या म्हणाल्या, "हाव, मॅडम."

शर्यतीच्या तीन आठवडे आधी तक्त्यात अठरा किलोमीटर होते. चौदा झाल्यावर आपा एका पुलाच्या कठड्यावर बसल्या. हातानं मला पुढं जायची खूण केली. "तुम्ही... जावा."

धरणावरच्या आमच्या मंडळींचा एक रिवाज आहे. जोडीनं निघालेली माणसं जोडीनंच परत येतात, मग कुणाचा पाय मुरगळो की कुणाचं पोट दुखो. हा रिवाज मोडलेला मी पाहिलेला नाही. त्या दिवशी तो मी मोडला. अठरा लिहिले होते, अठरा पुरे केले. पुलाशी परत आले तेव्हा आपा नव्हत्या. टपरीवाल्यानं सांगितलं, बाईंना रिक्षात बसवून दिलं.

चौथ्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, आणि ते ज्यामुळं झालं होतं त्यावर फार इलाज उरला नव्हता. लेक लातूरहून आली. ती घरी अंघोळीला जायची तेव्हा मी बसायचे. एका दुपारी मी धीर केला. म्हटलं, "आपा, त्या दिवशी चारचौघांत मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही तेव्हापासून बोलणंच सोडलंत."

त्या हसल्या, आणि हसल्यामुळं खोकल्या. दोन दोन शब्द करत बोलल्या. "रुसले... वाटलं तुम्हाला? ते तर मी... घरी जाईपर्यंत विसरले. बोलायला... दम कुठं होता, मॅडम?"

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर... लातूरला नेलं असतं का तुम्ही?"

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. सहावीतलं पोरसुद्धा एवढं गणित चुकलं नसतं. ज्या एका नियमाची मी शेखी मिरवत होते, तो दोन महिने माझ्या शेजारी ओरडून सांगत होता आणि मी मनातल्या मनात मान-अपमान मोजत बसले होते. मला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

लातूरची शर्यत झाली त्या रविवारी मी दवाखान्यात होते. पुढं चार महिने आपा जगल्या.

त्यानंतर मी पळते आहे की नाही, हे लोक विचारतात. पळते. एकटी पळते, कारण बरोबर कुणी असलं की मी सारखी त्याच्या श्वासाकडं कान लावते आणि समोरचा वैतागतो. नवीन लोक सल्ला मागतात त्यांना मी दुसऱ्यांकडं पाठवते.

आपांची लेक मशीन विकायला आली होती. सामान टेम्पोत चढलं, तेव्हा ती माझ्याकडं आली. पायरीवरच बसली. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. अम्मी रोज तुमच्याबरोबर असायची. तिला दम लागत होता का हो?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "मला तरी कधी जाणवलं नाही."

तिनं डोळे पुसले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही होता म्हणून बरं, मॅडम. नाहीतर अम्मीकडं बघायला होतं कोण?"

मी हात सोडवून घेतला नाही.