छकडामावशीची पांढरी चादर

आमच्या इंदुरीत स्वतः छकडा हाकणारी एकच बाई होती. नवरा गेल्यावर तिने त्याचे बैल विकले नाहीत. अडलेली बाळंतीण असो की तापाने फणफणलेले पोर, तळेगावच्या दवाखान्यात तीच न्यायची. मोटार दिसली तर लोक शेत सोडून बघायला येत, असे ते दिवस. सगळा गाव तिला छकडामावशी म्हणे.

तिच्या छकड्यात चार वस्तू कायम असत: पाण्याची कळशी, कंदील, दोरी आणि धुतलेली पांढरी चादर. मला याद्या करायची सवय, म्हणून हे लक्षात राहिले. चादर कशाला, ते माझ्यावर वेळ आली तेव्हा कळले.

माझे पहिले बाळंतपण अडले. भर दुपारी निघालो. पुढे स्टेशनकडे चाललेल्या गवताच्या गाड्यांची रांग. मागच्याचे बैल पुढे जाऊ देणे मावळातल्या गाडीवानाला फार कमीपणाचे वाटे. मावशी ओरडली, "ए भाऊ, गाडी कडंला घे! बाळंतीण हाय!"

"शर्यत लावनारे समदे असंच सांगत्यात, मावशे! हाय जोर तर ये पुढं!" म्हणत त्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. त्याच्या पुढचाही हसला आणि पळवू लागला.

मावशीने मला आडवे केले आणि चादर तोंडावरून ओढली. "हालू नगंस. थोडा येळ मेल्यावानी पड, मंग लय वर्सं जगशील." आणि तिने गळा काढला.

चादरीखाली श्वास कोंडला. माझ्याच नावाने चाललेला तो आक्रोश ऐकता ऐकता मला खरेच वाटू लागले, की मी गेले. कळ आली तेव्हा पदराचा बोळा दातांत धरला. बाहेर कुणी "राम राम" म्हणाले, चाके कडेच्या मातीत उतरल्याचा आवाज आला आणि आमचा छकडा धावत सुटला.

मुलगी झाली, मीही वाचले. पण जिवंत सुनेवर चादर घातली म्हणून सासूबाईंनी मावशीला बारशाला बोलावले नाही. मी ओशाळून तिच्या घरी गेले, तर तीच म्हणाली, "घुगऱ्या न्हाई मिळाल्या तर न्हाई. बारसं तर झालं न्हवं?"

काही वर्षांनी भाताच्या कापणीत तिलाच साप चावला. माझे यजमान छकडा हाकायला बसले, मी तिचे डोके मांडीवर घेतले. निघताना यादीप्रमाणे सगळे पाहून घेतले, चादरही. वाटेत पुन्हा तीच रांग.

मावशीची जीभ जड झाली होती. "घाल गं... चादर."

माझा हात चादरीपर्यंत गेला आणि तिथेच थिजला. घातली आणि खरे झाले तर? "नको मावशी, मी ओरडते," म्हणाले आणि घसा फुटेस्तोवर ओरडत राहिले, "साप चावलाय! वाट द्या!" पुढचा गाडीवान हसत बैलांना टिचकारत होता.

तळेगावची घरे दिसू लागली तेव्हा मांडीवरचे डोके एकदम जड झाले. मी हाका मारल्या. गालांवर पाणी मारले. मग चादर उलगडली आणि तिच्या तोंडावरून ओढली.

गाड्या एकामागून एक कडेला उतरल्या. गाडीवान हात जोडून उभे राहिले. यजमानांनी मागे वळून चादर पाहिली.

"शाबास! आधीच घालायचीस," ते म्हणाले. "आता पोचतोच बघ." आणि त्यांनी बैल भरधाव सोडले.