मावशी कधी येणार?

त्या वर्षी आमच्या घरात 'मावशी' या शब्दाला दुसरा एक अर्थ आला. तो आणला परदेशातल्या आमच्या या माउंट रॉस्किल उपनगरातल्या एका चिनी डॉक्टरबाईंनी. थोडा दोष माझ्या बडबडीचाही.

मी फार्मसिस्ट आहे. दिवसभर काउंटरमागे उभी राहून लोकांना गोळ्या देते, आणि कोणी झाडपाल्याचे चमत्कार सांगायला लागलं की चेहरा कोरा ठेवते. जिभेवर आलेलं गिळते, कारण नोकरी आहे. तर अशी ही शहाणी बाई चाळिशीला टेकल्यावर, जूनमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका चिंब दुपारी, बसस्टॉपसमोरच्या त्या दवाखान्याचं दार ढकलून आत शिरली. कोणी सुचवलं नव्हतं. रोज बसची वाट बघताना त्या दाराच्या फटीतून ज्येष्ठमधासारखा, ओल्या मातीसारखा वास यायचा, आणि तो वास मला कुठेतरी घेऊन जायचा. बस आली की परत आणून सोडायचा.

माझी पाळी लहरी झाली होती. कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी, कधी नुसती चाहूल देऊन गायब. एरवी ही कटकट कमी झाली म्हणून मी पेढे वाटले असते. पण आम्हाला मूल हवं होतं. नवरा आणि मी पुण्याहून इथे आलो, तो आयटीत रुळला, मी परीक्षा देऊन पुन्हा फार्मसिस्ट झाले, भाड्याचं घर सोडून कर्जाचं घेतलं, आणि या सगळ्यात 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. आता घाई करायची तर शरीर ऐकेना. जीपी, म्हणजे आमची नेहमीची डॉक्टर, भली बाई. तिने रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, वाईट काही नाही म्हणाली, वयाप्रमाणे होतं असं, स्पेशालिस्टच्या यादीत नाव घालते म्हणाली. नाव घातलं. यादी कुठे पळून जात नव्हती.

मराठीत गरोदर बाईला 'दिवस गेले' म्हणतात. माझे नुसतेच दिवस जात होते. पाळी लांबली की मी मनातल्या मनात पाळणा टांगायची. कामावर कोणाचा तरी खोकला ऐकत असायची आणि आत तो पाळणा हळूहळू हलत असायचा. मग एके दिवशी पोटात कळ यायची, आणि पाळणा काढून ठेवायचा.

दवाखान्यात बाकावर बसल्यावर मी सवयीने मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा आई गेली, आणि सांगलीत मावशीने मला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. ती डिसेंबरमध्ये आमच्याकडे यायची होती, आणि व्हिसाचं काय झालं हे विचारण्यावाचून तिला दुसरा विषय नव्हता. फोनवर तिचं फक्त कपाळ आणि पंखा दिसत होता. डॉक्टरबाई पडद्यातून डोकावल्या, फोनकडे बघून हसल्या. मी म्हटलं, माय आँटी. त्यांनी मान हलवली, आणि मी आत गेले.

डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या असाव्यात. लोकरीचा स्वेटर, पायात कापूस भरलेले जाड बूट. त्यांनी माझी जीभ पाहिली. मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून इतका वेळ बसल्या की मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. खिडकीची काच आतून घामाळली होती आणि हीटर कुजबुजत होता. मलाही झोप यायला लागली. नाडी बघणं आपल्याकडेही आहे, पण इतक्या सबुरीने कोणी माझा हात धरल्याला बरीच वर्षं झाली होती. मग त्यांनी विचारलं, थंडी वाजते का, पाणी गार पिता का, घरात अनवाणी चालता का. तिन्ही हो. त्या च्च म्हणाल्या. या देशात माणसं सुपरमार्केटातसुद्धा अनवाणी जातात याचा त्यांना मनापासून राग होता.

पडद्यापलीकडे कंबर धरून एक गृहस्थ बसले होते. म्हणून की काय, डॉक्टरबाईंनी आवाज खाली आणला.

"युवर आँटी. कम व्हेन?"

किती आपुलकी, मला वाटलं. म्हटलं, डिसेंबरमध्ये.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मागच्या डिसेंबरमध्ये? नाही नाही, येत्या. आणि किती दिवस? मी म्हटलं, तीन महिने तरी, सहाही होतील, ते व्हिसावर आहे. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"थ्री मंथ? एव्हरी डे? व्हेरी बॅड."

माझं डोकंच फिरलं. मी माझ्या मोडक्या संयमाने सांगितलं की ती मला आईसारखी आहे, माझ्या घरात ती हवी तितकी राहील, कायमची राहिली तरी मला आनंदच आहे, आणि यात तुमच्या पोटात का दुखावं. हे पोटातलं दुखणं मी इंग्रजीत शब्दशः सांगितलं, आणि त्यातलं 'पोट' त्यांना कळलं, हे बरं झालं. त्या ताडकन उठल्या, स्वतःच्या बेंबीखाली हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "धिस आँटी."

मग उलगडा झाला. त्यांच्याकडे बायका पाळीला थोरली मावशी म्हणतात. मावशी आलीय म्हणायचं, की कळतं. इंग्रजीत दुसरा सभ्य शब्द त्यांना आठवला नव्हता, आणि मी तर मावशीला फोनवर दाखवूनच आत गेले होते. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीही त्यांना सांगितलं की आमच्याकडे कावळा शिवतो. त्यांनी दोन्ही हातांनी पंख करून दाखवले, मी मान डोलावली, आणि त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. कावळा काही त्यांना पटला नाही.

पोट गार पडलंय, असं त्यांचं निदान. माझ्या शिक्षणात गार पोट कुठेच बसत नव्हतं. तरी मी काढ्यातल्या प्रत्येक मुळीचं नाव विचारून घेतलं, आमच्या औषधाच्या दुकानात जाऊन तपासलं, जीपीच्या कानावर घातलं, आणि मगच पातेलं चढवलं. त्या वासाने घर भरून जायचं. दालचिनी, आलं, काहीतरी सेलरीसारखं, आणि खाली गटाराचा एक हलका सूर. नवरा पहिल्या दिवशी नाक धरून म्हणाला, कोणी मेलंय का इथे. मग सवय झाली. कामावरून आला की तो आधी चुलीपाशी जाऊन झाकण उघडायचा आणि मला कप भरून द्यायचा. त्याला मूल माझ्याइतकंच हवं होतं, हे मला त्या कपांवरून कळलं.

आठवड्यातून एकदा सुया. घोट्याच्या वर, गुडघ्याखाली, पोटावर. वरून तांबडा दिवा. डॉक्टरबाई पडदा ओढून जायच्या आणि मी तिथे अर्धवट झोपेत पडून असायची. बाहेर पावसात बस उसासा टाकून थांबायची, सुटायची. पोटावरची ऊब पसरत जायची आणि मी सांगलीच्या स्वयंपाकघरात पोचायची, जिथे मावशी माझ्या पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून 'पड गं जरा' म्हणायची. मग ते स्वयंपाकघर सरकत सरकत इथल्या लाकडी जमिनीचं व्हायचं आणि त्यावरून एक मूल ओल्या पायांनी धावत जायचं. मी नेहमी म्हणायची, अरे, स्लीपर घाल. ते कधीच मागे वळलं नाही. सुया काढताना डॉक्टरबाई माझा गाल पुसायच्या, जणू तोही उपचारातलाच भाग.

सप्टेंबरात इथला वसंत आला, मागच्या अंगणातला प्लम फुलला, आणि माझी पाळी घड्याळासारखी यायला लागली. काढ्याने, सुयांनी, उबेने, की आठवड्यातून एकदा कोणीतरी मला मुकाट झोपवत होतं म्हणून, देव जाणे. फार्मसिस्ट म्हणून मी कशावरही सही करणार नाही. डॉक्टरबाईंना केवढा आनंद. "आँटी गुड! ऑन टाइम!" आणि मी दुकानाच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडायची. आधी निदान आशा तरी लांबत होती. आता नकार यायचा तोही वेळेवर.

घरात आम्ही दोघं आता तसंच बोलायचो. मावशी आली, मी म्हणायची. नवरा म्हणायचा, बरं, मी वरणभात लावतो.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी मावशी आली नाही. एक आठवडा गेला, अजून थोडे दिवस गेले. दुकानात माझ्या पाठीमागे शेल्फभर टेस्ट किट होती. दुसऱ्यांना मी ती हसून द्यायची, स्वतःसाठी मात्र हात वर जाईना. डोळ्यांपुढे सगळं जरा धुरकट आणि सोनेरी झालं होतं. बसमध्ये बसल्यावर मी पोटावर पिशवी ठेवायची नाही. नवऱ्याला बोलले नाही, पण त्याला सगळं समजत होतं. तो जिन्यात माझ्या हातातलं सामान न विचारता घ्यायला लागला होता.

खऱ्या मावशीचं विमान डिसेंबरमध्ये दुपारी उतरलं. आम्ही विमानतळावर कठड्याला टेकून उभे होतो. मावशी काही बाहेर येईना. तिचा मेसेज आला, यांनी माझी बॅग उघडलीय. मला कळलं, अळीव. कितीदा बजावलं होतं की इथे बियाबियाणं आणू देत नाहीत. माझ्यासाठी, बाळंतिणीला लागतात म्हणून, कुणाला काही न सांगता तिने पुडी भरून घेतली असणार. मी हसत होते आणि हसता हसताच ती ओळखीची कळ आली. मी टॉयलेटला जाऊन आले. बाहेर लोक फुगे घेऊन उभे होते. नवऱ्याजवळ जाऊन मी म्हटलं, "मावशी आली."

"कुठे? दार तर बंदच आहे," तो मान उंचावून म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा हात त्याने आपल्या जॅकेटच्या खिशात घेतला आणि आम्ही तसेच दाराकडे बघत राहिलो.

मावशी ट्रॉली ढकलत आली ती तणतणतच. सगळे अळीव कचऱ्यात टाकले मेल्यांनी, खाण्याची वस्तू ती. मी तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. ती आधी गांगरली. अळिवासाठी कुणी रडतं का, म्हणाली. मग माझ्या पाठीवरचा तिचा हात थांबला, आणि पुन्हा फिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरात काढ्याचं पातेलं हुंगलं. म्हणाली, मलाही देत असत असं काहीतरी, किती वर्षं. मग तुझे काका म्हणाले, पुरे आता. तिने पातेलं घासून पालथं घातलं आणि चहा टाकला. इतकंच.

जानेवारीत मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. गुडघे. खरं तर माझीही एक भेट उरली होती, पुढे येत नाही एवढं सांगायची. यादीतला नंबर लागला की बघू, नाही लागला तर नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. डॉक्टरबाईंनी मावशीला पाहताच टाळ्या पिटल्या. "रिअल आँटी!" मावशीने नमस्कार केला. ती नव्या स्लीपरमध्ये होती, ते बघून डॉक्टरबाई आणखी खूश झाल्या. त्यांनी मावशीच्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली आणि दोघी डोळे मिटून बसल्या. बाहेर ऊन होतं. कोणी घाई करत नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालू राहावं.

मग नव्या पेशंटचे प्रश्न सुरू झाले. झोप कशी, भूक कशी, मी मराठीत विचारत होते आणि इंग्रजीत सांगत होते. पुढचा प्रश्न ऐकून मी अडखळले. मुलं किती? मराठीत तो तिला कसा विचारावा याचाच मी विचार करत होते. आयुष्यभर लोकांनी तिला तो विचारला होता, लग्नकार्यात, हळदीकुंकवात, आणि ती दर वेळी पदर सावरून विषय बदलायची. मी डॉक्टरबाईंना परस्पर 'नाही' म्हणणारच होते.

पण 'चिल्ड्रन' तिला कळलं होतं. तिने डॉक्टरबाईंच्या बोटांखालून आपला हात सोडवला, एक बोट वर केलं आणि ते माझ्या खांद्यावर टेकवलं.

"वन," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, यस, वन.