भावोजींनी कॉम्प्युटर बदलला

आमच्या फोटोग्राफर भावोजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते "हसा!" असे काही गरजले की कडेवरचं रडकं बाळही घाबरून हसलं. हा वाघ परवा नव्या कॉम्प्युटरपुढे मांजर झाला. जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता आणि एका लग्नाचे सगळे फोटो त्याच्याच पोटात होते. कॉपी सुरू झाली आणि अर्ध्यावर पडद्यावरची पट्टी थांबली.

"कुणी शिंकू नका!" भावोजी कुजबुजले.

"अहो, निदान श्वास तरी घ्या," ताई म्हणाली.

"फोटो गेले तर त्यांना काय पुन्हा लग्न करा म्हणून सांगू?"

तेवढ्यात पट्टी हलली. फोटो सगळे आले. ते जोडपं मात्र फोटो अजून न्यायला आलेलं नाही.