ध्यानातला उजेड आणि आईचं डोकं

मागच्या महिन्यात मला वाटलं होतं की आपण ध्यानात फार पुढे पोचलो आहोत... हसू नका, खरंच वाटलं होतं.

परभणीत आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना असते. ती झाली की आम्ही बायका वीसेक मिनिटं डोळे मिटून बसतो. एका रविवारी मिटलेल्या डोळ्यांपुढे चांदीचा एक ठिपका आला. तो थरथरत वाढला, त्याची कोर झाली, कोरीला करवतीसारखे दाते फुटले... आणि ती लखलखत, अगदी सावकाश, कडेकडेने निघून गेली.

इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलं नव्हतं. डोळे उघडले तरी ती हवेत तरंगतच होती. समोरच्या बाईचा अर्धा चेहराच दिसेना, पण त्याचीही भीती वाटली नाही. मी आपली तरंगत घरी आले.

घरी पोचेपर्यंत उजवं कपाळ ठणकायला लागलं. मळमळ, उलटी, पडदे ओढून पडून राहणं... पुढचे दोन-तीन रविवार हेच. पुढे अधल्यामधल्या दिवशीही दुखू लागलं. मग मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं आणली, आणि दुखेल या धास्तीनेच रोज एक घ्यायला लागले. उजेड ध्यानामुळे आणि दुखणं उन्हामुळे, अशी सोयीस्कर वाटणी मी करून टाकली होती.

विहारातल्या मैत्रिणींना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतलं कौतुक बघून मी आणखीच हवेत गेले. एक जण तर मुद्दाम माझ्या शेजारी बसायला लागली, तिलाही दिसेल म्हणून...

मग वाटलं, आईला सांगावं. ती राणीसावरगावला एकटी असते. शनिवारी एसटीने गेले. आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मी रंगवून रंगवून सांगत होते, ठिपका कसा आला, कसा वाढला... आणि तिचे हात सुपातच थांबले.

"त्याची कड करवतीवाणी असती का गं?"

करवतीपर्यंत मी अजून पोचलेही नव्हते.

"आन् माणसाचं अर्धं तोंड गायब व्हतं? मग अर्ध्या घंट्यानं डोस्कं उठतं, उलटी व्हईस्तोर?"

माझ्या लहानपणी महिन्यातून दोन-तीनदा तरी आईचं डोकं उठायचं. डोक्याला फडकं करकचून बांधून, दार लावून ती अंधारात पडून राहायची. स्वयंपाक तसाच राहायचा, आणि घरातले म्हणायचे की नाटक आहे, कामाच्याच दिवशी बरं दुखतं हिचं...

दहावीत मी शाळेत पहिली आले, सत्कार होता. आई आली नाही. घरी येऊन मीही तिच्या तोंडावर म्हणाले होते, तू नाटकं करतेस. तिने डोक्याच्या फडक्याची गाठ आणखी आवळली होती.

"आई, असं काही दिसतं हे तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? आपण देवदेव, अंगात येणं, समदं सोडलेली माणसं. मला काईतरी दिसायलंय म्हणले असते, तर लोक म्हणले असते हिच्या अंगात यायलंय. ज्यानं समद्यांना हे सोडायला लावलं, त्या तुझ्या आज्याला मान खाली घालावी लागली असती."

ज्या उजेडाचा मी चार रविवारांत गवगवा केला, तो तिने चाळीस वर्षं कुणाला कळू दिला नव्हता...

सोमवारी तिला घेऊन परभणीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाई तरुण, शांत. दोघींचं सगळं ऐकलं, तपासलं. म्हणाल्या, मायग्रेन आहे आणि तो आईकडून मुलीकडे येऊ शकतो. मेंदूच्या ज्या भागामुळे आपल्याला दिसतं, तिथून एक मंद लाट सरकत जाते. तो उजेड म्हणजे त्या लाटेची खूण, त्याला ऑरा म्हणतात. उपास, जागरण, ऊन, उग्र वास... कशानेही ती उठू शकते.

माझ्या रोजच्या गोळीवर मात्र त्या रागावल्या. अशा गोळ्या फार झाल्या की त्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे ऐकून मी चाटच पडले. ती बंद करायला लावली. दुखणं सुरू होताच घ्यायचं एक औषध दिलं, काही महिने नेमाने घ्यायचं दुसरं दिलं, आणि कधी, कशाने दुखलं ते वहीत लिहायला सांगितलं. ध्यान करा, पण काहीतरी खाऊन बसा, म्हणाल्या.

आपला उजेड म्हणजे एक आजार आहे, याचं मला थोडं वाईटच वाटत होतं. तेवढ्यात आई पुढे सरकली.

"डॉक्टरबाई, म्हंजी हे खरंच दुखणं हाय ना? नाटक न्हाई?"

"खरंच दुखणं आहे, मावशी."

"मग तेवढं मराठीत लिहून द्या."

डॉक्टरांनी कागद परत पुढ्यात ओढला. मग औषधांच्या खाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मला वाटलं, गावाकडे कुणाला दाखवायच्या असतील...

बाहेर बाकावर बसल्यावर तिने तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. 'हा खरा आजार आहे. या नाटक करत नव्हत्या.' दुसरी ओळ मनातच वाचली, तरी आई थांबून राहिली. पुरतं वाचून होईपर्यंत तिने कागद परत घेतला नाही.

माफी मागायला मला पंचवीस वर्षं उशीर झाला. पण ती शेजारी बसलेली होती, म्हणून मागता तरी आली... तुमच्या घरात कुणी दार लावून अंधारात पडत असेल, तर दार हळूच उघडा, आणि एकदा विचारा, तुला काय दिसतं म्हणून.